मागचं चाक

मिस्त्रींनी ब्रेकची प्लेट उचलली आणि ड्रममधून वाळलेली माती भुरभुर खाली सांडली. तांबूस करडी, गाळलेल्या पिठासारखी बारीक. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर तिचा छोटा ढीग झाला. मिस्त्रींनी चिमूटभर माती बोटांवर चोळली आणि म्हणाले, "ही पुराची हाय. कृष्णामाईची."

आण्णांची येझदी २०११ पासून सांगलीत आत्याकडे होती. आण्णा गेले त्या वर्षी ती तिथं नेऊन ठेवली, कारण आमच्या साताऱ्याच्या फ्लॅटला पार्किंग नव्हतं आणि विकायचा धीर कुणालाच होत नव्हता. आत्याचं घर गावभागात, तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथं ४५ फुटांना असते. माणसं निघाली, कपाटातली कागदपत्रं निघाली, गाडी मात्र बुडाली. पाणी उतरल्यावर आत्याच्या मुलांनी भिंती धुतल्या, गाद्या फेकल्या, गाडीवर नळीनं पाणी मारलं आणि तिला पुन्हा कोपऱ्यात लोटलं. वरून ती धुतलेली दिसत होती. नदी मागच्या चाकाच्या पोटात राहून गेली होती.

ती माती हातात घेतली तेव्हा एक गोष्ट लख्ख कळली. कृष्णा महाबळेश्वरला निघते, वाईच्या घाटांवरून, माहुलीच्या संगमावरून खाली येते, कराडला कोयनेला पोटात घेते आणि मग सांगलीला पोचते. म्हणजे हा गाळ आमच्याच डोंगरउतारांचा होता. आण्णा ज्या वाटांनी आयुष्यभर गाडी हाकत राहिले, त्याच वाटांची माती नदीच्या पाण्यातून येऊन त्यांच्या चाकात बसली होती.

आण्णा पंप फिटर होते. कराडजवळच्या आमच्या गावातून निघून त्यांचा फेरा साताऱ्याकडे कोरेगाव, रहिमतपूरपर्यंत आणि सांगलीकडे पलूस, आष्ट्यापर्यंत असायचा. नदीकाठच्या मोटारी, विहिरींवरची इंजिनं, उपसा योजनांचे पंप. सांगलीला ते कधीकधी 'साउथ सातारा' म्हणायचे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढला तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा असंच होतं. सांगली हे नाव जिल्ह्याला १९६० मध्ये मिळालं. आण्णांच्या पिढीच्या तोंडून जुनं नाव गेलं नाही आणि त्यांच्या कामालाही जिल्ह्याची हद्द कळत नव्हती. पंप बंद पडला की उसाला पाणी बंद, एवढंच त्यांना कळायचं.

येझदी त्यांनी १९८३ मध्ये घेतली, तीही दुसऱ्याची वापरलेली. गाडीच्या टाकीवरच्या त्या नावामागचा इतिहास मला खूप उशिरा समजला. १९२९ मध्ये प्रागच्या यानेचेक या कारखानदारानं जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचं काम उचललं, आणि दोन्ही नावं जोडून 'जावा' तयार झालं. त्याच १९२९ मध्ये सांगलीत आयर्विन पूल खुला झाला. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या बाहेर पडू लागल्या, १९७३ पासून त्यांना येझदी हे नाव मिळालं आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. किक मारायची आणि गिअर टाकायचा दांडा एकच, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. आणि चेन पूर्णपणे पत्र्याच्या कव्हरमध्ये झाकलेली, म्हणजे धूळ नाही, चिखल नाही, साडीचा पदर अडकायची भीती नाही.

पण झाकलेल्या गोष्टीची झीजही झाकलेली राहते. आण्णांनी टाकी पुसलेली मला आठवते, पुढचा दिवा पुसलेला आठवतो. चेनचं कव्हर उघडलेलं आठवत नाही. अन् सगळा भार तर मागेच असायचा. कॅरियरला पाइपाचे तुकडे, पान्यांची पिशवी. आई मागे एका बाजूला पाय सोडून बसायची, आणि तिच्या नि आण्णांच्या मध्ये पोत्यात गुंडाळलेला बिडाचा फूट व्हॉल्व, ज्याला आमच्याकडचे शेतकरी सरळ फुटबॉल म्हणतात. मी टाकीवर. लग्नाला जातानाही वाटेत कुणाचा तरी पंप असायचा. पुढच्या चाकानं दिशा दाखवली. पण ओढलं आणि वाहिलं ते मागच्यानं.

२०२४ च्या डिसेंबरात आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी मिरजेला यायचं होतं. त्याच दिवशी मी आत्याकडून गाडी छोट्या टेंपोत घालून मिरजेच्या या मिस्त्रींकडे आणली. जुन्या जावा-येझदीचं काम करणारे हात आता थोडे उरलेत, आणि त्यांतले हे एक. मिरज हे गावच मुळी दुरुस्त करणाऱ्यांचं. १८९४ साली इथं डॉक्टर वानलेस यांनी मिशनचं रुग्णालय उभं केलं आणि तेव्हापासून दूरदूरची माणसं शरीर दुरुस्त करून घ्यायला इथं उतरतात. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी सतार-तंबोऱ्याची दुरुस्ती हाती घेतली आणि दुरुस्ती करताकरता ते वाद्यं घडवू लागले. तलवारींचे दिवस सरत चालले होते. ज्या हातांना लोखंडाची नस कळत होती, ते लाकडाची आणि तारेची नस ओळखू लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानाच्या मुळाशी कुणाचं तरी मोडलेलं वाद्य नीट करून देण्याची इच्छा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

येझदीच्या मागच्या चाकाची एक खुबी आहे. आक्सल ओढून काढला की चाक बाहेर येतं, पण दातेरी चक्र चेनसकट मागेच राहतं. पंक्चर काढायचं तर चेनला हात लावावा लागत नाही. मिस्त्रींनी चाक बाजूला केलं आणि मग चेनकव्हरचे दोन्ही भाग सोडले. चाळीसएक वर्षांत मी ती चेन पहिल्यांदा पाहिली. गंजून ती वळणावर तशीच ताठ उभी राहत होती. मधेमधे जिथं थोडी सुटी होती तिथं मिस्त्रींनी ती दात्यांवरून उचलून पाहिली, तर अर्धा दात उघडा पडला.

"चेन वाढली म्हणतो आपण," ते म्हणाले, "पर लोखंड काय वाढत न्हाई. आतली पिन झिजते."

चेनची एक कडी अर्ध्या इंचाची. प्रत्येक सांध्यात एक पिन, पिनेभोवती बुश. तिथं मिलिमीटरचा दहावा भाग झिजला तर डोळ्याला काहीच दिसत नाही. पण शंभर कड्यांमागे चेन एक सेंटिमीटर लांबते. लांबलेली चेन दात्यांच्या तळाशी बसत नाही, वर चढते आणि दाताची एकच बाजू खात राहते. चक्राचे दात म्हणूनच एका अंगानं वाकले होते, टोकदार, आकड्यांसारखे. जुलैत साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनहून आणलेली वाघनखं ठेवली, तेव्हा आईला मी ती दाखवायला नेलं होतं. तिनं चक्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "तसंच दिसतंय की रे."

मी म्हटलं, चक्र चांगलं जाड आहे, नुसती चेन बदलू. मिस्त्रींनी मान हलवली. "जुन्या दात्यावर नवी चेन घातली तर चार महिन्यांत तीबी जाती. दोघं संगं झिजल्यात. बदलायचं तर संगंच."

हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेलं नाही. झीज एकट्याची नसते. एक झिजतो तसा दुसरा झिजतो, आणि झिजता झिजता दोघं एकमेकांच्या मापाचे होतात. तिसऱ्याला ते माप लागू पडत नाही. आण्णा गेल्यावर आई आमच्याकडे साताऱ्याला आली. आम्ही तिला स्वतंत्र खोली दिली, देव्हारा दिला, गॅलरीत तुळस लावली. तरी ती रात्री दोन-अडीचला उठून बसायची. मला वाटायचं तिला झोपेचा त्रास आहे. मग एकदा तिनं सांगितलं: शेतीची लाइट पाळीनं रात्री यायची. लाइट आली की मोटारी सुरू व्हायच्या, एखादी जळायची आणि माणूस दारात यायचा. आण्णा कपडे करत तोवर ही चहा टाकायची, बॅटरी शोधून द्यायची. अठ्ठावीस वर्षं. तिची झोप त्या पाळीला घासून घासून एका आकाराची झाली होती, आणि आमच्या घरात लाइट कधी जातच नव्हती.

मी तिला खोली दिली होती. तिचे दात कशावर बसायला घडलेत याचा विचार केला नव्हता.

मग मिस्त्रींनी हबच्या दुसऱ्या अंगाला हात घातला. इथं या गाडीचा सर्वांत शहाणा भाग असतो. चेन दातेरी चक्राला ओढते, पण चक्र चाकाला लोखंडानं लोखंडाशी जोडलेलं नसतं. मध्ये रबरं असतात, ड्रम रबर म्हणतात त्यांना. गिअर पडतो, क्लच सुटतो, इंजिन एकदम हिसका देतं, तेव्हा तो हिसका आधी या रबरांना बसतो. ती दबतात, मग चाक फिरतं. रबरं गेली की तोच हिसका थेट हबला, आऱ्यांना, चेनला, गिअरबॉक्सला पोचतो आणि सगळी गाडी आतून खिळखिळी होते.

रबरं निघाली. दगडासारखी कडक, एका बाजूला चुरा झालेली. मिस्त्रींनी एक उजेडात धरलं.

"हे कंपनीचं न्हाई दादा. हातानं कापलंय कुणीतरी."

कडेला सुरीचे की कशाचे तरी सरळ, तिरके घाव होते. आकार जवळजवळ बरोबर, एक कोपरा जरा जास्त घेतलेला. मिस्त्रींनी नख रोवून पाहिलं. "कपलिंगचं रबर वाटतंय. मोटारीचं."

आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. डोळ्यांत थेंब घातलेले, हिरवा चष्मा. तिनं हात पुढे केला, रबर घेतलं, बोटांनी चाचपलं, आणि डोळ्यांना नीट दिसत नसताना तिला ते ओळखू आलं.

"ह्यांनी माझ्या विळीवर कापलंय हे," ती म्हणाली. "पाऊस होता. नदी चढायला लागली होती, काठावरच्या मोटारी वर ओढायच्या होत्या, माणूस दारात उभा. आणि गाडी नुसती खडखड करायला लागलेली. मग पंपाचं रबर घेऊन बसले चुलीपाशी. विळीची धार पार गेली. दोन दिवस बोलले नव्हते मी."

पंप आणि मोटर जोडतात तिथं कपलिंगमध्ये असंच रबर असतं, तेच काम करायला. मोटर सुरू होतानाचा झटका पंपाच्या शाफ्टला लागू नये म्हणून. आण्णा शिकलेले नव्हते फार, पण एका यंत्राचं मर्म त्यांनी दुसऱ्या यंत्रात ओळखलं होतं. आणि त्या रबराला आकार देताना आईच्या विळीची धार गेली होती. पंपातला तुकडा चाकात आला, चाकाचा हिसका विळीपर्यंत पोचला, विळीचा रुसवा दोन दिवस घरात राहिला, आणि काठावरच्या त्या माणसाच्या मोटारी पुरातून वाचल्या. झीज कुठून निघते आणि कुठं जाऊन उतरते, त्याचा असा एक हिशेब त्या तळहाताएवढ्या तुकड्यात होता.

मला वाटलं, ती ते ठेवून घेईल. मी म्हटलंही, "ठेवायचं का?"

"टाका की आता," आई म्हणाली. "त्यानं त्याचं काम केलं." आणि रबर तिनं मिस्त्रींच्या हातात परत दिलं.

पुढचे तीन आठवडे मी साताऱ्याहून दोनदा जाऊन आलो. कामं एकातून एक निघत गेली. बेअरिंग गंजून अडकलं होतं आणि त्याची बाहेरची कडीच हबमध्ये फिरत राहिली होती, त्यामुळे हबचं भोक मोठं झालं होतं. नवं बेअरिंग तिथं हातानं आत सरकत होतं, जे कधीच सरकू नये. कुपवाडच्या एका लेथवर ते भोक आणखी थोडं मोठं करून आत लोखंडी स्लीव्ह बसवली. हब तापवायचा, तो फुगतो; मग स्लीव्ह आत सोडायची; हब निवला की ती जन्माची धरली जाते. टर्नरनं मायक्रोमीटर तीन वेळा लावला. बसणं आणि खुळखुळणं यांच्यामध्ये केसापेक्षा बारीक अंतर असतं. ड्रमला गंजानं खड्डे पडले होते, त्यावर हलका कट घेतला; ब्रेकच्या शूंना नवे लायनर लावले; नवा आक्सल, नवी रबरं, चेन आणि दोन्ही चक्रं एकाच वेळी.

लेथच्या त्या शेडमध्ये उभं राहून मला किर्लोस्करवाडी आठवत होती, कारण आण्णांच्या तोंडी ते नाव पंढरपूरसारखं यायचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं. चाकं विकता-दुरुस्त करता ते लोखंडी नांगरापर्यंत पोचले. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, वाडी सांगली जिल्ह्यात. माझ्या वडिलांचं पोट ज्या पंपांवर चाललं, त्यांची गोष्टही अशी एका सायकलच्या चाकापाशी सुरू होते. या मुलखातला कारखानदार आणि या मुलखातला फिटर यांच्यात पैशाचं अंतर केवढंही असो, दोघांची एक श्रद्धा सारखी होती: बिघडलेली वस्तू उघडून पाहावी, ती समजते.

शेवटचं काम आऱ्यांचं. नवी रिम, छत्तीस आरे. आरे भरणं ही एक गोष्ट आणि चाकाचा आऊट काढणं ही दुसरी. मिस्त्रींनी चाक स्टँडला लावून फिरवलं, कडेला खडू टेकवला. रिम जिथं बाहेर येत होती तिथं खडूची रेघ उमटली. मी समजत होतो की आता त्या बाजूचे निपल आवळायचे किंवा सोडायचे, झालं. पण ते एक निपल अर्धा फेरा आवळत, तर समोरच्या अंगाचा तेवढाच सोडत. एकाला ताण दिला की दुसऱ्याला मोकळीक द्यायची. नाहीतर चाक सरळ दिसतं, पण आत कुठला तरी आरा एकटाच सगळं सोसत राहतो आणि एके दिवशी तुटतो.

तो एकटा आरा डोळ्यांनी सापडत नाही. मिस्त्री पान्यानं एकेका आऱ्यावर हलकी टिचकी मारत गेले. टण्, टण्, टण्, आणि मधेच एक ठस्स. तिथं थांबले, पाव फेरा दिला, पुन्हा टिचकी. छत्तीस आवाज हळूहळू एकमेकांजवळ येत गेले. तिथून थोड्याच अंतरावर सतारमेकरांच्या गल्लीत कुणीतरी अशीच मान तिरकी करून घोडीवर तार छेडत असेल, जवारी साधत असेल. दोघांचं काम कानाचं. दोघांनाही ठाऊक असतं की तार एकटी सुरात नसते. ती दुसऱ्या तारेच्या शेजारी सुरात असते.

जानेवारीत आईची दुसरी तपासणी होती. आम्ही पोचलो तेव्हा गाडी दोन्ही चाकांवर उभी होती. चेनकव्हरचा खालचा भाग तेवढा लावायचा राहिला होता. मी वाकून चेन पाहिली आणि मला ती सैल वाटली. एवढा खर्च करून, नव्या चेनला ही ढील कशी? मी म्हटलं, "अजून जरा ओढायला पाहिजे ना?"

"बसा तुम्ही गाडीवर," मिस्त्री म्हणाले. मग आईकडे वळले. "काकू, तुम्हीबी बसा मागं. जरा वजन पाहिजे."

मी बसलो. आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, साडी सावरली आणि एका बाजूला पाय सोडून बसली. तेरा वर्षांनी. मागचे शॉकअप दबले, आणि चेन आपोआप ताठ झाली. मिस्त्री खाली बसले, दोन बोटं चेनखाली घातली, उचलून पाहिली.

"बघा. रिकामी असताना ताठ ठेवली असती तर आता तुटायला आली असती, न्हाईतर बेअरिंग खाल्लं असतं. माणूस बसल्यावर किती उरती ते बघून ढील ठेवायची."

भार येणार आहे हे धरून आधीच सोडून ठेवलेली जागा. मी आरशात पाहिलं. आई हिरव्या चष्म्यातून समोर बघत होती. ती सीटच्या अगदी मागच्या कडेला बसली होती, आणि माझ्या पाठीच्या नि तिच्या मध्ये वीतभर जागा मोकळी होती.

"पुढं सरकून बस की," मी म्हटलं.

"बरोबर बसलेय," ती म्हणाली. आणि मग मला समजलं, ती फूट व्हॉल्वच्या पोत्याची जागा होती.

मिस्त्रींनी आक्सलचा नट आवळला. मी पुढे तसाच बसून राहिलो आणि मधली जागा तशीच राहू दिली.